उन्हाळी संगीत शिबिराची निवड आणि खर्च

तुमच्या मुलीसाठी प्रथमच उन्हाळी शिबिर शोधत असाल, तर संस्थेच्या नावापेक्षा तिथे मुलीचा दिवस कसा जाणार आहे, हे आधी पाहावे. अमेरिकेतच पाहिले, तर व्हायोलिनशिक्षक इव्हान गालामियन यांनी 1944 मध्ये सुरू केलेल्या मेडोमाउंट शिबिरात भर रोजच्या कित्येक तासांच्या एकट्याच्या सरावावर असतो, तर मिशिगनमधील इंटरलॉकन शिबिरात वाद्यवृंदाला मोठे स्थान आहे. एकीकडे खुलणारी मुलगी दुसरीकडे कोमेजू शकते. शिकवणार कोण आणि वैयक्तिक धडे आठवड्याला किती, हे लेखी विचारून घ्यावे, कारण माहितीपत्रकावर झळकणारे नामवंत वादक कधीकधी एखाद्याच वर्गापुरते येतात.

खर्चाचा हिशेब केवळ शुल्कावर थांबवू नये. अर्जशुल्क, अर्जासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी लागणारा साथीदार, प्रवास आणि चेलोसारख्या मोठ्या तंतुवाद्यासाठी घ्यावे लागणारे विमानातील वेगळे आसन यांचाही विचार आधीच करावा. गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती आणि गरजेनुसार मिळणारे साहाय्य यांचे अर्ज बऱ्याचदा निराळे असतात आणि त्यांची मुदतही लवकर संपते. मिळालेली रक्कम अपुरी वाटल्यास नम्रपणे, कारणांसह पुनर्विचाराची विनंती करावी. यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही. सोळा ते एकोणीस वयोगटासाठी न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉल या संगीतसभागृहाचा अमेरिकेचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद विनाशुल्क आहे, मात्र त्याची निवडचाचणी अतिशय कठीण असते. पहिल्या वर्षी कर्ज काढून दूर पाठवण्यापेक्षा जवळचे दोन आठवड्यांचे शिबिर आणि उरलेल्या पैशांत उत्तम शिक्षकाचे धडे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.