विचारा की! : पोरांना शिल्पं दाखवायची तर मुंबईत कुठं न्यायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलाच्या ड्रॉईंगच्या बाईंनी सुट्टीत शिल्पं बघून स्केच करायला सांगितलंय. म्युझियममध्ये नेलं की धाकटी लगेच "घरी चला" सुरू करते. मोठमोठी शिल्पं मांडलेली पार्कं असतात म्हणे, तसं आपल्याकडे काही आहे का? आणि हात लावला तर चालतो का? मागे एका ठिकाणी वॉचमन जाम ओरडला.
— एक आई, मुलुंड

उत्तर : अहो, राणीच्या बागेत जा ना! सगळे पेंग्विन बघतात, आईस्क्रीम खातात आणि परत येतात, पण तिथंच भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर एक दगडी हत्ती उभाय, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. हा मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि बिचाऱ्याचे तुकडे झाले, ते मग इथं आणून 1914 मध्ये जोडले. मुलांना सांगा, सांधे शोधा. धाकटी अर्धा तास हलणार नाही बघा.

खरा काळा घोडासुद्धा याच बागेत आहे, त्यावर बसलेल्या इंग्रज राजा सातव्या एडवर्डसकट. 1965 ला फोर्टातून उचलून इकडे आणला, आता काळा घोडा चौकात जो दिसतो तो 2017 चा, नवा, त्याच्यावर स्वार नाही. दोन्ही बघता आले तर मजा येते. पण पोरं समोर उभी राहून फोटो काढतात आणि पुढे पळतात, तसं नको. आधी शिल्पाला पूर्ण चक्कर मारायला लावा, मागून, खालून, पोटाखालून बघू देत, मग वही उघडा. आणि सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरपा उजेड असला की स्नायू, सुरकुत्या सगळं उठून दिसतं, दुपारी बाराला नुसता काळा ठोकळा. बुधवारी बाग बंद असते हे विसरू नका, दारातून परत फिराल.

एक दिवस मोकळा असेल तर अलिबागकडच्या सासवन्याला जाच. गेटवेहून लाँचनं मांडवा, तिथून रिक्षा. (पावसाळ्यात लाँच बंद असते, मग भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, तीही हवामान बघून.) नानासाहेब करमरकरांचं हे गाव, पुण्याचा 1928 चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा केला तेच. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले होते, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी बघितलं आणि पोराला मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. त्यांच्या घराचंच आता म्युझियम झालंय आणि आवारात एक म्हैस अशी काही बसलीये की शहरातली पोरं आधी जरा लांबच उभी राहतात. मला विचाराल तर राजेमहाराजांपेक्षा ही म्हैस भारी.

हात लावायचं म्हणाल तर वॉचमनचं बरोबर होतं, ओरडायची पद्धत चुकली असेल. घामात मीठ असतं आणि ब्राँझला मीठ अजिबात सोसत नाही, त्यात आपली समुद्राची हवा आधीच खारट. रोज शेकडो हात एकाच जागी घासले की तेवढाच भाग पिवळाधम्मक चकाकायला लागतो, वरचा काळपट-हिरवा थर जातो. दगडाच्या कडाही झिजतात. लावायचाच असेल तर चौथऱ्याला लावू देत.

स्केचचं फार टेन्शन घेऊ नका. अख्खा हत्ती एका बैठकीत कुणालाच जमत नाही, नुसता एक पाय नीट काढला तरी चालेल, आणि बाई काही बोलल्या तर खुशाल माझं नाव सांगा.