काकांच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारचा एक पिकअप बंद पडलाय. रिवाइंड करून (नवी तार गुंडाळून) घेऊ की आहे तसा जपून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे ती १९६० च्या दशकातली गिटार नागपूरला घरी आहे, ब्रिजजवळचा पिकअप (गिटारच्या तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, चुंबकांवरची बारीक तारेची कॉइल) बंद आहे, मीटर काहीच दाखवत नाही, आणि कूलरच्या मोटारी भरणारा ओळखीचा माणूस पिकअप घेऊन गेलाय, दोन दिवसांत नवी कॉइल भरून देतो म्हणतोय. कृपा करून थांबवा त्याला.

मीही नागपूरचाच, आणि हे मी करून बसलोय. माझ्या जुन्या गिटारचा पिकअप मी असाच एका वाइंडिंगच्या दुकानात दिला होता. त्यांनी ब्लेडने जुनी कॉइल कापून काढली आणि मोटारीची जाड तार मावेल तेवढी भरली. आवाज इतका बारीक झाला की अ‍ॅम्प पूर्ण उघडला तरी ऐकू येईना. जुनी तार मागायला गेलो तोवर ती भंगारात गेली होती. त्या माणसाचं मोटारीचं काम चोख आहे, पण पिकअपची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर असते, केसापेक्षा बारीक, आणि तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. शिवाय साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फेंडर या स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात यंत्र फिरायचं, पण तार माणसं हाताने धरून सोडायची. वेढे कुठे सैल, कुठे तिरपे पडायचे. ती ठेवण पुन्हा जशीच्या तशी येत नाही.

मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे ‘ओपन’ दाखवतो, याचा अर्थ तार कुठेतरी तुटली आहे, एवढाच. पुष्कळदा ती टोकालाच तुटते. दुसऱ्या एका पिकअपच्या वेळी मी घड्याळजीचं भिंग घेऊन बसलो, तेव्हा पिकअपच्या खालच्या पट्टीवर तारेचं टोक जोडतात त्या पितळी डोळ्यापाशी हिरवट कीट दिसलं आणि त्यातून अर्धा मिलिमीटर सुटलेलं टोक. वरचा एक वेढा सोडवला, टोकावरचा इनॅमलचा लेप अलगद खरवडला, १५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने क्षणभर टेकवलं. मीटरवर ५.९ किलोओहम!

(रीडिंग शक्यतो सकाळी गारव्यात घ्या. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो, जानेवारीत ५.८ दाखवणारी कॉइल आपल्या मे महिन्यात साडेसहाच्या जवळ जाते आणि माणूस उगाच घाबरतो.)

तार आतल्या टोकाला, चुंबकापाशी तुटली असेल तर मात्र रिवाइंडशिवाय इलाज नाही. या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. पट्ट्या ओल धरतात, चुंबक गंजतात आणि गंज तार खातो. तेव्हाही चुंबक ठोकून बाहेर काढू देऊ नका. गिटारचे पिकअप भरणाऱ्याकडेच द्या, तारेची जाडी, वेढ्यांची दिशा आणि चुंबकांचे ध्रुव आधी लिहून ठेवायला सांगा, आणि निघालेली तार डबीत परत मागा.

तोवर वाजवायचं असेल तर नवा पिकअप बसवा, जुना जपून ठेवा. काकांची गिटार मुकी राहावी असं मला मुळीच वाटत नाही.

गिटार कूलरच्या खोलीत टांगलेली असेल तर आजच दुसऱ्या खोलीत न्या. आणि पिकअप परत आला की त्याच्या खालच्या पट्टीचा जवळून फोटो टाका, डोळ्यापाशी कीट आहे का ते मी बघून सांगतो.