निवृत्त अंतराळ स्थानकाचे काय करावे?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक २०३० नंतर समुद्रात पाडणार असल्याचे वाचले. इतक्या देशांनी मिळून उभारलेले हे स्थानक आणखी उंचावर नेऊन पुढच्या पिढ्यांसाठी जपता येणार नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली हळहळ रास्त आहे आणि नासानेही हा पर्याय तपासून पाहिला होता. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथल्या विरळ हवेच्या अडथळ्यामुळे ते सतत खाली सरकत असते, त्यामुळे इंजिने चालवून त्याला अधूनमधून वर उचलावे लागते. सुमारे ४२० टनांचे हे धूड कायमचे टिकेल इतके वर न्यायचे तर प्रचंड इंधन लागेल आणि वरच्या कक्षांत अंतराळ कचऱ्याची दाटीही अधिक आहे. ओस पडलेल्या स्थानकावर तिथे एखादा तुकडा आदळला, तर जपायला नेलेल्या वस्तूचाच कचरा होऊन तो इतर उपग्रहांच्या वाटेत दीर्घकाळ फिरत राहील. सुटे करून खाली आणावे म्हटले, तर ज्या स्पेस शटलने त्याचे बरेच भाग वर नेले, ती २०११ मध्येच निवृत्त झाली.

ते नुसते सोडून देणे सर्वांत घातक. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचे अंतराळ स्थानक कोसळले तेव्हा ते नेमके कोठे पडेल, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. त्या दिवसांतली धास्ती आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आजही आठवत असेल. त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडले. अगदी अलीकडे, या स्थानकावरून २०२१ मध्ये टाकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सामानातला जेमतेम ७०० ग्रॅमचा धातूचा तुकडा, वाटेत जळून जाईल असा अंदाज असूनही, मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडातील एका घराचे छप्पर फोडून आत शिरला.

म्हणूनच, मीर हे रशियाचे अंतराळ स्थानक २००१ मध्ये उतरवले तसे, हे स्थानकही दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात नियंत्रितपणे पाडणे मला योग्य वाटते. त्यासाठी खास यान बांधण्याचे काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिले आहे. मात्र स्थानक ताब्यात असेपर्यंतच हे उरकायला हवे. रशियन विभागातील हवागळतीचा त्रास २०१९ मध्ये सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला, आणि अशा स्थितीत मुदत पुन्हापुन्हा वाढवत राहणे मला धोक्याचे वाटते.

जपायचेच असेल तर स्थानकावरची घंटा, नोंदवह्या, मोहिमांची बोधचिन्हे लावलेले फलक अशा लहान वस्तू आणता येतील आणि नासाचाही तसा विचार आहे. परतणाऱ्या यानांत जागा अपुरी असते. त्यामुळे त्यांची निवड आताच करून प्रत्येक फेरीत थोडे थोडे सामान उतरवायला हवे.