‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ हे आधीच ठरवता येतं

प्रश्न : आईचं वय 84. वर्षात तिसऱ्यांदा अ‍ॅडमिट करावं लागलं, या वेळी न्यूमोनिया. आता बरी आहे, दोन दिवसांत घरी सोडतील. परवा रात्री डॉक्टरांनी एकदम विचारलं, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ भाऊ हो म्हणाला, मी नाही. पुढच्या वेळेसाठी काय ठरवावं? आणि आईशी हे बोलायचं कसं? (एक वाचक, कराड)

उत्तर : बोलायला हे दोन दिवसच उत्तम. आधी डॉक्टरांना सांगा, वर्षापूर्वी आई स्वतः काय काय करायची आणि आज काय जमतं. मग विचारा, पुन्हा असंच दुखणं आलं तर ती कितपत सावरेल?

आजारपणात म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो आणि तो संध्याकाळी वाढतो. म्हणून आईशी सकाळी बोला. चष्मा, कानाचं मशीन लावून द्या. भावालाही समोर बसवा, नाहीतर ‘हे तुलाच कसं सांगितलं?’ इथून भांडण सुरू होतं. व्हेंटिलेटरचं नाव आधी काढू नका. ‘कशी अवस्था झाली तर जगणं नको वाटेल?’, ‘शेवटी घरी राहायचंय का?’ असं विचारा. बहुतेक आया ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतात. मग तुम्हा दोघांपैकी कोणी ठरवायचं, एवढं तरी त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

व्हेंटिलेटर म्हणजे लावला की कायमचा, असं नाही. दोन-तीन दिवस लावून बघू, सुधारणा नसेल तर पुन्हा बसून बोलू, असं डॉक्टरांशी आधीच ठरवता येतं. हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचं मात्र वेगळं आहे. थकलेल्या शरीरात बरगड्या मोडतात आणि पूर्ववत होऊन घरी परतणारे फार थोडे. दोन्ही नको म्हटलं तरी ऑक्सिजन, अँटिबायोटिक, धाप कमी करणारं औषध, तोंडाची निगा चालूच राहते. हे आईला आवर्जून सांगा. ‘मला सोडून देताय’ ही भीती मोठी असते.

मग लेखी इच्छापत्र. मालमत्तेचं नव्हे; स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे लिहिलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर आईची सही, त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. ती बोलू शकली नाही तर कोणी बोलायचं, त्यांची नावं लिहा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना, एक नगरपालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या.

बरेचजण मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात आणि रात्री दोन वाजता तो कोणाच्याच हाती लागत नाही. तो औषधांच्या फाइलमध्ये वरच लावा, फोटो दोघांच्याही मोबाइलवर ठेवा.

कागद दाखवला की लगेच मशीन काढतात, असंही नाही. आधी तीन डॉक्टरांचं मंडळ मत देतं, मग दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, नंतर रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. आई शुद्धीत आहे आणि तिला समजतंय, तोवर कागदापेक्षा तिचा शब्द मोठा. तिचं मन बदललं तर इच्छापत्र लेखी बदलता किंवा रद्द करता येतं, म्हणून पुढच्या वेळी अ‍ॅडमिट केलंत की तिला पुन्हा विचारा.