फुकटच्या रिमोट डेस्कटॉप टूलमध्ये व्हीएनसीचा कोड: आधी काय तपासाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात एक फ्रीवेअर रिमोट डेस्कटॉप टूल वापरता, कंपनी म्हणते सगळं तंत्रज्ञान आमचं स्वतःचं, पण सहकाऱ्याच्या मते आत व्हीएनसी या जुन्या, खुल्या सोर्सच्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रामचा कोड आहे. मग हे टूल वापरणं बेकायदा आहे का, आणि सोर्स (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला कोड) मागता येतो का?

आधी सहकाऱ्याने नेमकं काय पाहिलं ते विचारा. व्हीएनसीचं नेहमीचं नेटवर्क पोर्ट ५९०० उघडं दिसलं किंवा फाइलमध्ये 'आरएफबी ००३.००८' सापडलं, तर एवढंच कळतं की टूल व्हीएनसीचा आरएफबी हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम, वापरतं. हा प्रोटोकॉल आरएफसी ६१४३ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात २०११ मध्येच प्रसिद्ध झालाय. तो वाचून कुणीही स्वतःचा कोड लिहू शकतं, आणि जोडणीच्या सुरुवातीला ही १२ बाइट्सची ओळख त्यालाही पाठवावीच लागते. पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जाणं हेही प्रोटोकॉलमधूनच येतं. एवढ्यावर कुणाला चोर म्हणणं अन्यायाचं आहे.

खरं वजन असतं ते प्रोटोकॉलला गरज नसलेल्या खुणांना. टूल विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्ज साठवायची जागा) 'ओआरएल' आणि त्याखाली 'विनव्हीएनसी३' अशी की, म्हणजे नोंद, तयार करतंय का बघा. ओआरएल ही केंब्रिजमधली प्रयोगशाळा, व्हीएनसी तिथलंच. पुढे ती एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. स्वतःचा कोड लिहिणाऱ्याला त्या प्रयोगशाळेचं नाव रजिस्ट्रीत लिहायचं कारणच नाही. एरर मेसेजची वाक्यंही जुन्या व्हीएनसीच्या सोर्सशी ताडून बघा, शब्दशः जुळणारी वाक्यं बरंच सांगून जातात. ही तपासणी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवरच (संगणकाच्या आत चालणारा वेगळा आभासी संगणक) करा, नाहीतर पूर्वी कधीतरी टाकलेल्या व्हीएनसीची की या टूलच्या माथी मारली जाईल.

खुणा पक्क्या निघाल्या तरी निष्कर्षाची घाई नको. टाइटव्हीएनसी या व्हीएनसीच्या एका प्रकाराच्या २ क्रमांकाच्या मालिकेचा कोड जीपीएल (सोर्स खुला ठेवायला लावणारा परवाना) याबरोबरच पैसे भरून व्यावसायिक परवान्यावरही मिळतो, त्यामुळे तो बंद टूलमध्ये असणं पूर्ण कायदेशीर असू शकतं. ओआरएलच्या काळातल्या जुन्या कोडला मात्र ही पळवाट लावणं कठीण, कारण त्यात अनेकांचे हक्क गुंतलेत. शिवाय कंपनीने व्हीएनसीचा सर्व्हर वेगळी फाइल म्हणून जसाच्या तसा सोबत दिला असेल, तर तिला स्वतःच्या बाकी प्रोग्रामचा सोर्स सहसा द्यावा लागत नाही, त्या सर्व्हरचा द्यावा लागतो. नाव बदलणं, विकणं, फुकट वाटणं या सगळ्याला जीपीएलची मुभा आहे. मुख्य अट अशी की परवान्याची प्रत आणि मूळ कॉपीराइट सूचना सोबत हव्यात, आणि सोर्स तरी द्यायला हवा किंवा तो देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी. लोकांनी वर्षानुवर्षं राबून लिहिलेल्या कोडवर स्वतःचं नाव टाकून त्यांचं नाव पुसणं मला अजिबात मान्य नाही, म्हणून ही चौकशी करायलाच हवी असं माझं मत आहे.

तुमच्या ऑफिसचं म्हणाल, तर जीपीएल आवृत्ती २ नुसता प्रोग्राम चालवण्यावर कसलंही बंधन घालत नाही, आणि वाटणाऱ्याने नियम मोडला म्हणून पुढे प्रत मिळालेल्याचे हक्क जात नाहीत. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या टूलचा स्वतःचा परवाना तुम्ही वाचलाय का? बरीच फ्रीवेअर रिमोट टूल्स फक्त घरगुती वापरासाठी मोफत असतात. तसं असेल तर ऑफिसची खरी अडचण तिथे आहे, आणि ती आजच सोडवा.

सोर्ससाठी कंपनीला साधा, सभ्य ईमेल पाठवा: टूलची आवृत्ती, सापडलेल्या खुणा, आणि 'यातल्या जीपीएल कोडचा सोर्स कुठे मिळेल?' हा एकच प्रश्न. 'चोरी' हा शब्द नको. उत्तर आलं नाही तर तीच माहिती मूळ प्रकल्पाच्या लोकांना कळवा, कारण कॉपीराइट त्यांचा आहे आणि कारवाई करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. सोबत इन्स्टॉलरची प्रत आणि तिचा हॅश (फाइलची ओळख पटवणारा आकडा) जपून ठेवा, पुढच्या आवृत्तीत खुणा गायब होऊ शकतात.