गाडीतच बिऱ्हाड घेऊन लढायांच्या जागा पाहाच्या, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : भाऊ, आमच्या जावयानं जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन बाका, गॅस, पाण्याची टाकी बसवली. डिसेंबरात आम्ही दोघं, लेक-जावई अन् नातू असे पाच दिवस निघाचं म्हणतो. नातवाला लढायांचं लय वेड. विदर्भात किल्ले सोडून लढाईचं मैदान पाहाले भेटते का? अन् गाडी गाविलगडापर्यंत जाते का? (एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : भेटते ना दादा, आणि तुमच्या घराजवळच भेटते. तेल्हारा तालुक्यातलं अडगाव बुद्रुक, इंग्रजी पुस्तकांत ज्याला अरगाव म्हणतात ते हेच. 29 नोव्हेंबर 1803 ला इथं नागपूरकर भोसल्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच. लढाई सुरू झाली ती दिवस कलताना, आणि पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालला. म्हणून माझं ऐका, सकाळी जाऊ नका, साडेचारच्या सुमारास पोचा. तिथं पाहायला भिंत नाही की बुरूज नाही, काळी जमीन, उभी तूर, वेचणीचा कापूस, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, एवढंच. पण नातवाला धुऱ्यावर उभं करा आणि सांगा, की भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा दोनच महिन्यांआधी मराठ्यांशी झालेल्या असईच्या लढाईत टिकलेल्या इंग्रजांच्या पलटणीसुद्धा इथं मागं पळाल्या होत्या, वेलस्लीनं स्वतः मधात जाऊन त्यांना परत उभं केलं. अंधार पडत जातो तसं पोराला सगळं आपोआप कळतं, मी पाहिलंय. शेत कोणाचं तरी असतं, मालकाला विचारल्याशिवाय धुरा ओलांडू नका.

रात्री अकोटला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा. म्हणजे गोष्ट जशी घडली तशीच तुमची गाडी चालते, कारण अडगावनंतर सोळाव्या दिवशी, 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला. इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन अचलपूरहून डोंगराला वळसा घालून किल्ल्याच्या उत्तरेला गेला, मधात रस्ता नव्हता, तो सैनिकांनीच केला आणि जड तोफा ओढत नेल्या. घाट चढताना हे सांगा! वर भिंत फुटली तरी आतला किल्ला वेगळा, मधात दरी, तिथं 94 व्या पलटणीची एक तुकडी शिड्या लावून चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता गेला. दोनच दिवसांनी, 17 ला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आपला वऱ्हाड निजामाकडं गेला तो असा.

गाडीचं म्हणाल तर चिखलदऱ्यापर्यंत बिनघोर जाते, किल्ला मात्र पायी. हा वाघांचा मुलूख आहे, दिवसाउजेडीच फिरा, किल्ल्यावर चूल पेटवायची नाही की मुक्काम करायचा नाही, गाडी गावात लावूनच झोपा. डिझेल, पाणी परतवाड्यातच भरून घ्या. बाका, गॅस बसवलाय त्याची आरटीओकडून नोंद झाली का तेही जावयाला विचारा, फार महत्त्वाचं आहे.

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला (भोसले-इंग्रज लढाई 26-27 नोव्हेंबर 1817) या दौऱ्यात नको, तो लष्कराकडं आहे, वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, 26 जानेवारीला पोराला घेऊन वेगळे जा.

आणि घाट उतरताना दुसरा गिअर सोडू नका. मागच्या वर्षी भरलेली गाडी मी नुसत्या ब्रेकवर उतरवली, अर्ध्यात जळका वास आला, तासभर दगड लावून थांबलो, सोबत लहान लेकरं होती.