घारापुरीत महिनाभर राहता येईल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला, घरची कपाशी-तूर. पोरगा मुंबईत नोकरीले हाय. मागच्या डिसेंबरात त्यानं मले गेटवेवरून बोटीत बसवून घारापुरीले, म्हंजे एलिफंटाच्या बेटावर नेलं, अन् तवापासून माह्यं काही खरं नाही. त्याची खोली दहा बाय बारा, रात्री दोन वाजेलोक खाली गाड्यांचे भोंगे, अन् तासाभराच्या पाण्यापलीकडं कोंबडा आरवते! बायको म्हणते म्हातारचळ लागला. तिथं महिनाभर खोली करून राहता येईल का? अन् असं काहून वाटते?
– एक शेतकरी, वय 61

उत्तर: काका, पहिले कामाचं सांगते. नाही राहता येत. पर्यटकाले तिथं रात्री मुक्काम नाही, शेवटच्या बोटीनं परत यावंच लागते. सोमवारी लेण्या बंद असतात अन् पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीच सुटत नाहीत.

आता काहून वाटते ते. मीही गेली होती दोन वर्षांपूर्वी. लेण्यातली ती तीन तोंडांची मूर्ती पाहून मान दुखली, पण मनात राहिली ती पायऱ्यांवरची काकडीवाली. सव्वाशेक पायऱ्या चढून मी धापा टाकत बसली तर तिनं काकडीले तिखट-मीठ लावता लावता सगळी चौकशी केली, कुठल्या, काय, अन् मग स्वतःचं सांगत बसली. बेटावर तीन गावं हायेत, राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती 2018 मध्ये, विचार करा, समोर मुंबई रात्रभर लखलखते अन् इकडं तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार. वीज आल्यावर हिनं फ्रीज घेतला तर पहिल्या दिवशी त्यात ठेवायले पाण्याच्या बाटल्यांशिवाय काहीच नव्हतं म्हणे, तरी घरचे सगळे उघडून उघडून पाहत होते. मी म्हटलं किती शांत हाय हो तुमच्याकडं, तर म्हणाली, रात्री पोट दुखलं की कळते शांतता.

आपल्याले हे नवीन हाय का सांगा. नाल्याले पूर येऊन रपटा बुडाला की आपलंही गाव दोन दिवस बेटच होते, दुधाचे कॅन परत येतात, बाळंतिणीले ट्रॅक्टरवर बसवून न्या म्हणतात. पण खरं सांगू, लहानपणी त्याच दोन दिवसांत बाबा दिवसभर घरात दिसायचे, आजी भजे तळायची अन् सावकाराचा माणूस काही येऊ शकायचा नाही. मले वाटते तुम्हाले घारापुरीत तेच भेटलं. मधे पाणी हाय, त्यामुळं कोणी गाडीले किक मारून तुमच्यामागं येत नाही. फक्त तुमच्या खिशात परतीचं तिकीट होतं, काकडीवालीच्या नव्हतं.

म्हणून खोलीचा नाद सोडा अन् परत एक दिवस जा. विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीले उतरा, पोराकडं आंघोळ-चहा, अन् दुसऱ्या दिवशी पहिली बोट धरा, रविवार टाळून. लेण्या पाहून लगेच खाली पळू नका, वर टेकडीवर जुन्या तोफा हायेत तिथं बसा. चिवडा पिशवीच्या तळाशी ठेवा, माकडं हातातून ओढतात. ज्याच्यामुळं पोर्तुगीजांनी बेटाले एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती मात्र तिथं शोधू नका, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हाय. बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. डिसेंबर 2024 मध्ये याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली अन् माणसं गेली.

अन् काकूंनाही न्या. त्या म्हातारचळ म्हणतात ते एकदा बोटीच्या वरच्या बाकड्यावर बसून म्हणू द्या.